मॉनिटरवर अक्षरं धूसर दिसतायत? कस्टम डिस्प्ले मोड आधी समजून घ्या, मगच बदला



गेल्या वर्षी माझ्या मावशीने एका अनुस्वारापायी अडीचशे लग्नपत्रिका स्वतःच्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या. मावशी वसईला राहते, घरूनच डीटीपीचं काम करते. पत्रिकेत वरपित्याचं नाव होतं ‘चिंतामण’. छापून आलं ‘चितामण’. लग्नाच्या पत्रिकेत चिता! पुढे काय झालं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

मावशीचं एकच म्हणणं होतं, “अरे, मी तीनदा प्रूफ वाचलं. मला टिंब दिसलं होतं.”

रविवारी मी विरारहून वसईला गेलो आणि कॉम्प्युटर चालू केला. बघितल्या बघितल्या कळलं की चूक मावशीच्या डोळ्यांची नव्हती. पत्रिकेवरचा गोल लोगो अंडाकृती दिसत होता, अक्षरांच्या कडांना धुरकट झालर होती, आणि ‘चि’ची वेलांटी व ‘चिं’चं टिंब यांचा मिळून एकच ठिपका झाला होता. मॉनिटर होता १६००×९०० चा, आणि विंडोज त्याला १०२४×७६८ चं चित्र पाठवत होतं.

“दादा, सेटिंगमध्ये १६००×९०० चा ऑप्शनच येत नाही ना!” मावसभाऊ म्हणाला. मॉनिटर त्यानेच आणला होता, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, सेकंडहँड.

ऑप्शनच येत नसेल तर काय करायचं? इथे कस्टम डिस्प्ले मोड कामाला येतो. पण तो नीट न समजता लावला तर स्क्रीन काळीही होते. हा अनुभवही मी त्याच दिवशी घेतला, तो पुढे सांगतोच.

फोनमध्ये हा प्रश्न का येत नाही?

फोनच्या सेटिंगमध्ये तुम्ही ६०, ९० किंवा १२० हर्ट्झ निवडता आणि विषय संपतो. कारण फोनची स्क्रीन आणि प्रोसेसर एकाच कंपनीने एकाच डब्यात बसवलेले असतात. ही स्क्रीन काय काय झेपवू शकते, हे फोनला फॅक्टरीतूनच माहीत असतं.

डेस्कटॉपचं तसं नाही. मॉनिटर एका कंपनीचा, ग्राफिक्स दुसऱ्या कंपनीचं, मधली केबल नाक्यावरच्या दुकानातली. ही तिघं पहिल्यांदाच भेटत असतात. त्यांचं एकमत झालं तरच चित्र नीट येतं. या एकमतालाच ‘डिस्प्ले मोड’ म्हणायचं.

मोड म्हणजे फक्त रिझोल्यूशन नव्हे

एका मोडमध्ये तीन गोष्टी असतात:

१. रिझोल्यूशन: आडवे किती आणि उभे किती पिक्सेल. उदा. १६००×९००.

२. रिफ्रेश रेट: एका सेकंदात चित्र किती वेळा पाठवायचं. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० वेळा.

३. टायमिंग: प्रत्येक ओळीनंतर आणि प्रत्येक चित्रानंतर किती वेळ थांबायचं.

पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. तिसरी फारशी कुणाला माहीत नसते, आणि कस्टम मोड फसतो तो बहुतेक वेळा तिथेच.

टायमिंग समजायला आपली लोकल आठवा. विरारहून सुटलेली गाडी चर्चगेटला पोचली की त्याच सेकंदाला उलटी फिरत नाही. माणसं उतरतात, मोटरमन दुसऱ्या टोकाला जातो, सिग्नल मिळतो, मग गाडी निघते. वेळापत्रकात हा वेळ धरावाच लागतो. जुन्या डब्बा मॉनिटरमध्ये, म्हणजे सीआरटीमध्ये, असंच होतं. इलेक्ट्रॉनचा किरण ओळ संपवून पुन्हा डावीकडे यायला वेळ घ्यायचा, आणि तळाला पोचल्यावर परत वर जायला त्याहून जास्त. या रिकाम्या वेळेला ‘ब्लँकिंग’ म्हणतात.

आजच्या एलसीडीत किरण नाही, पण ब्लँकिंग राहिलं. फक्त ते कमी केलं तरी चालतं, आणि याला ‘रिड्यूस्ड ब्लँकिंग’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मॉनिटर स्वतःची ओळख कशी करून देतो?

प्रत्येक मॉनिटरच्या आत एक छोटी मेमरी चिप असते. तिच्यात मॉनिटरचं ओळखपत्र लिहिलेलं असतं: कंपनी, मॉडेल, आकार आणि कुठकुठले मोड चालतात त्याची यादी. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. मूळ ईडीआयडी फक्त १२८ बाइटचं असतं. मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांची व्हेसा नावाची संस्था आहे, तिने १९९४ मध्ये हे प्रमाण ठरवलं.

केबल लावली की कॉम्प्युटर केबलमधल्या दोन वेगळ्या तारांवरून हे ओळखपत्र वाचतो. चित्राच्या तारा वेगळ्या, ओळखपत्राच्या वेगळ्या. म्हणजे ओळखपत्राची तार तुटली तरी चित्र येत राहतं! कॉम्प्युटरला फक्त समोर कोण आहे ते कळत नाही. मग तो सावध भूमिका घेतो आणि कुठल्याही मॉनिटरवर चालेल असा १०२४×७६८ सारखा मोड लावतो.

मावशीकडे नेमकं हेच झालं होतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मॉनिटर्स’ उघडलं तर तिथे लिहिलं होतं ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’. यातला ‘नॉन’ महत्त्वाचा. ओळखपत्र वाचता आलं नाही, असा त्याचा अर्थ. नुसतं ‘जेनेरिक पीएनपी मॉनिटर’ असेल तर ओळखपत्र पोचलेलं आहे.

मराठी अक्षरांना जास्त त्रास का होतो?

आता गणित बघा. पाठवलेले पिक्सेल आडवे १०२४, मॉनिटरवर जागा १६००. म्हणजे एका पिक्सेलला दीडपेक्षा जास्त, नेमकं १.५६ जागा. उभ्या दिशेला ७६८ चे ९००, म्हणजे १.१७. अर्धा पिक्सेल पेटवता येत नाही, म्हणून मॉनिटर शेजारच्या पिक्सेलमध्ये रंग मिसळतो. त्यामुळे धूसरपणा येतो. आडवं जास्त आणि उभं कमी ताणलं गेल्यामुळे गोल लंबगोल होतो.

इंग्रजी अक्षर एवढं सोसून घेतं. देवनागरीत मात्र शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार अशी गर्दी असते. १२ पॉइंटच्या अक्षरात अनुस्वाराच्या वाट्याला एकदोन पिक्सेल येतात. तेच मिसळले की ‘चिं’चं ‘चि’ होतं.

ही अडचण आजची नाही. डॉसच्या काळात स्क्रीन टेक्स्ट मोडमध्ये चालायची: ८० रकाने, २५ ओळी, प्रत्येक अक्षराला ठरलेली चौकट. इंग्रजी तिथे व्यवस्थित बसायचं, वर-खाली मात्रा असलेली देवनागरी बसायची नाही. त्यावर ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये काम सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड आणलं. हे कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की साध्या डॉसवरही भारतीय लिपी दिसायच्या. मराठी नीट दिसावी म्हणून तेव्हा वेगळं हार्डवेअर लागायचं. आज फक्त योग्य मोड लागतो.

कस्टम मोड लावण्याआधी या पाच गोष्टी तपासा

हा भाग सोडून खाली उडी मारू नका. अर्ध्याहून जास्त वेळा काम इथेच होतं.

१. मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन शोधा. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर फोनवर सर्च करा. ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ जे लिहिलंय तेच हवं. ‘मॅक्सिमम सपोर्टेड’ वर जाऊ नका.

२. केबल बदलून बघा. व्हीजीए केबलचे पिन मोजा. वाकलेला किंवा तुटलेला पिन असेल तर गुन्हेगार सापडला. स्वस्त केबलमध्ये ओळखपत्राच्या तारा कधी कधी टाकलेल्याच नसतात.

३. कन्व्हर्टर काढून बघा. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर मध्ये असेल तर ओळखपत्र तिथेही अडकतं. मॉनिटर आणि कॉम्प्युटर दोन्हीला सारखंच पोर्ट असेल तर थेट जोडा.

४. ग्राफिक्स ड्रायव्हर टाका. विंडोज नव्याने टाकल्यावर ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ दिसत असेल तर खरा ड्रायव्हर अजून आलेलाच नाही. अशा वेळी मोडच्या मागे लागून उपयोग नाही.

५. दोन आकडे जुळतात का बघा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जा. तिथे ‘डेस्कटॉप मोड’ आणि ‘ॲक्टिव्ह सिग्नल मोड’ असे दोन आकडे दिसतात. पहिला म्हणजे विंडोज जे काढतंय ते, दुसरा म्हणजे केबलमधून जे प्रत्यक्ष जातंय ते. दोन्ही मॉनिटरच्या मूळ रिझोल्यूशनइतके असले पाहिजेत.

मावशीच्या केबलचा एक पिन तुटलेला निघाला. पण रविवार होता, जवळपास दुसरी व्हीजीए केबल मिळेना, आणि सोमवारी सकाळी पत्रिकांचं नवं प्रूफ द्यायचं होतं. म्हणून मग कस्टम मोड.

आधी कागदावर गणित करा: पिक्सेल क्लॉक

केबलमधून सेकंदाला किती पिक्सेल जातात त्या आकड्याला पिक्सेल क्लॉक म्हणतात. सूत्र सोपं आहे:

एकूण आडवे × एकूण उभे × रिफ्रेश रेट

इथे ‘एकूण’ म्हणजे दिसणारे पिक्सेल अधिक ब्लँकिंग. व्हेसाच्या प्रमाण यादीत १६००×९०० साठी एकूण १८००×१००० धरलेत. म्हणजे १८०० × १००० × ६० = १०.८ कोटी, अर्थात १०८ मेगाहर्ट्झ.

आता फुल एचडी, म्हणजे १९२०×१०८० ला ६० हर्ट्झवर किती लागतं ते बघा:

- टीव्हीच्या प्रमाणानुसार एकूण २२००×११२५: १४८.५ मेगाहर्ट्झ
- सीव्हीटी या व्हेसाच्या सूत्रानुसार, पूर्ण ब्लँकिंग ठेवून: १७३ मेगाहर्ट्झ
- सीव्हीटी, रिड्यूस्ड ब्लँकिंग: १३८.५ मेगाहर्ट्झ

चित्र तेच, रिफ्रेश रेट तोच, पण थांबण्याचा वेळ बदलला की आकडा १३८.५ पासून १७३ पर्यंत जातो. याचं महत्त्व केबल आणि पोर्टच्या मर्यादा बघितल्या की कळतं:

- सिंगल-लिंक डीव्हीआय आणि जुनं एचडीएमआय (१.२ पर्यंत): १६५ मेगाहर्ट्झ
- एचडीएमआय १.३ आणि १.४: ३४० मेगाहर्ट्झ
- एचडीएमआय २.०: ६०० मेगाहर्ट्झ

म्हणजे जुन्या डीव्हीआय पोर्टवर फुल एचडीला पूर्ण ब्लँकिंगचा मोड लावला तर १७३ होतात आणि मर्यादा १६५ ची. स्क्रीन काळी! तिथेच रिड्यूस्ड ब्लँकिंग निवडलं की १३८.५, आणि चित्र आरामात येतं. २५६०×१४४० ला मात्र रिड्यूस्ड ब्लँकिंग लावूनही ६० हर्ट्झवर २४१.५ लागतात, त्यामुळे १६५ च्या पोर्टवर ते बसणारच नाही. तिथे नवं पोर्टच हवं.

विंडोजमध्ये कस्टम मोड कसा बनवायचा?

कोणतं ग्राफिक्स आहे त्यावर रस्ता ठरतो.

एन्व्हिडिया: एन्व्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, ‘चेंज रिझोल्यूशन’ वर जा, ‘कस्टमाइझ’ दाबा आणि ‘क्रिएट कस्टम रिझोल्यूशन’ निवडा. रुंदी, उंची, रिफ्रेश रेट भरा. खाली टायमिंगचं प्रमाण निवडता येतं. आधी ‘ऑटोमॅटिक’ ठेवा, जमलं नाही तर ‘सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँक’. मग ‘टेस्ट’.

एएमडी: एएमडी सॉफ्टवेअर उघडा, सेटिंगच्या चक्रावर क्लिक करा, ‘डिस्प्ले’ मध्ये ‘कस्टम रिझोल्यूशन्स’ सापडेल.

इंटेल: इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये ‘डिस्प्ले’ खाली कस्टम रिझोल्यूशनचा पर्याय असतो. जुन्या कॉम्प्युटरवर इंटेल ग्राफिक्स कंट्रोल पॅनेल असतं, तिथेही डिस्प्लेमध्येच बघा.

यातल्या कशानेच जमलं नाही तर ‘कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी’, म्हणजे सीआरयू, हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते मॉनिटरच्या चिपला हात लावत नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत एक बदली ओळखपत्र लिहून ठेवतं आणि ड्रायव्हर ते वाचतो. त्याच्याच फोल्डरमध्ये ‘रीसेट-ऑल’ नावाची फाइल येते. तिने सगळे बदल पुसले जातात. ती फाइल डेस्कटॉपवर ठेवल्याशिवाय काहीही बदलू नका.

मोड बदलला की विंडोज विचारतं, हे बदल ठेवायचे का? १५ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर जुना मोड परत येतो. म्हणून स्क्रीन काळी झाली तर हात खिशात घाला आणि १५ आकडे मोजा. घाबरून कीबोर्ड बडवू नका, चुकून ‘हो’ दाबलं जाईल.

लिनक्सवर कसं करायचं?

जुना कॉम्प्युटर जिवंत ठेवायला अनेक जण लिनक्स टाकतात, म्हणून तेही सांगतो. इथे आदेश आणि आकडे इंग्रजीतच टाइप करायचे, मी फक्त उच्चार देतोय.

पायरी १: टर्मिनलमध्ये ‘सीव्हीटी’ ही तीन अक्षरं लिहून पुढे रुंदी, उंची, हर्ट्झ लिहा. १६००, ९००, ६० दिलं की ‘मोडलाइन’ नावाची एक ओळ मिळते. तिच्यात ११८.२५ हा पिक्सेल क्लॉक असतो, मग आडवे चार आकडे १६००, १६९६, १८५६, २११२ आणि उभे चार आकडे ९००, ९०३, ९०८, ९३४. पहिला आकडा दिसणाऱ्या पिक्सेलचा, शेवटचा एकूण, मधले दोन सिंक सिग्नल कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सांगतात. ब्लँकिंग कमी हवं असेल तर आदेशात ‘आर’ हा पर्याय जोडायचा.

पायरी २: ‘एक्सरँडर’ आदेशाला ‘न्यूमोड’ पर्याय देऊन ही ओळ नोंदवा.

पायरी ३: ‘ॲडमोड’ पर्यायाने तो मोड तुमच्या पोर्टला जोडा. पोर्टचं नाव नुसतं एक्सरँडर चालवलं की दिसतं.

पायरी ४: ‘आउटपुट’ आणि ‘मोड’ हे पर्याय देऊन लागू करा.

इथे विंडोजसारखा १५ सेकंदांचा दिलासा मिळत नाही. म्हणून मी एक युक्ती करतो. चौथ्या पायरीच्या आदेशापुढे त्याच ओळीत ‘स्लीप १५’ आणि मग ‘ऑटो’ पर्यायाचा एक्सरँडर लिहून ठेवतो. स्क्रीन काळी झाली तरी १५ सेकंदांनी आपोआप परत येते. नीट चाललं की मग कायमचं करायचं.

अजून एक. हे आदेश एक्सऑर्ग सेशनमध्ये चालतात. वेलँडवर एक्सरँडर नवा मोड लावू शकत नाही. तिथे बूट होतानाच कर्नलला ‘व्हिडिओ’ पॅरामीटर देऊन मोड सांगता येतो.

टीव्हीला मॉनिटर केलंय? १३६६ चा घोळ

आपल्याकडे ३२ इंची एचडी-रेडी टीव्हीला कॉम्प्युटर जोडणारे खूप जण आहेत. या टीव्हीचं पॅनेल बऱ्याचदा १३६६×७६८ असतं, पण ओळखपत्रात तो १२८०×७२० किंवा १९२०×१०८० सांगतो, कारण सेट-टॉप बॉक्स तेच पाठवतात. म्हणजे इथे ओळखपत्र पोचतं, पण खरं सांगत नाही.

बरं, १३६६ टाकायला जावं तर कॉम्प्युटर १३६० किंवा १३६८ देतो. का? ईडीआयडीच्या छोट्या यादीत रुंदी ८ च्या पटीतच लिहिता येते आणि सीव्हीटीचं सूत्रही ८ च्या पटीत चालतं. १३६६ ला ८ ने भागा, १७०.७५ येतं. बसत नाही. अशा वेळी १३६०×७६८ लावा. तीन-तीन पिक्सेलची काळी पट्टी दोन्ही बाजूंना राहील, पण अक्षरं स्वच्छ दिसतील. अर्थात टीव्हीने चित्र ताणता कामा नये. त्यासाठी टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘पीसी मोड’ असं काहीतरी शोधून चालू करा. अनेकदा टास्कबार अर्धा कापला जातो, तोही यानेच ठीक होतो.

६० चे ७५ हर्ट्झ करावेत का?

आता माझी चूक. संध्याकाळी साडेसातला १६००×९०० नीट बसलं. मावशीने ‘चिंतामण’ वाचून बघितलं, टिंब स्पष्ट होतं. चहा झाला. मावसभाऊ म्हणाला, “दादा, आता ७५ हर्ट्झ पण कर ना, गेम स्मूथ चालेल.” मला वाटलं, करू. टेस्टला चित्र आलं, ‘ठेवा’ म्हटलं. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला आणि मॉनिटरवर तरंगायला लागलं: ‘आउट ऑफ रेंज’.

प्रूफ त्याच कॉम्प्युटरमध्ये. सकाळी नऊला द्यायचं. मावशी काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

शेवटी हॉलमधला टीव्ही उचलून आणला आणि एचडीएमआयने जोडला. टीव्हीचं स्वतःचं ओळखपत्र असल्यामुळे विंडोजने त्याच्यावर वेगळा मोड लावला, चित्र आलं, आणि मी ७५ चा मोड उडवला. प्रूफ रात्री साडेअकराला तयार झालं.

तर उत्तर असं: गेमसाठी वापरता, मॉनिटर तुमचा स्वतःचा आहे आणि काही बिघडलं तर वेळ आहे, तर करून बघा. पण एकदम ७५ वर उडी न मारता ६५, ७० असं चढत जा. आणि चित्र आलं म्हणजे काम झालं असं नाही. काही मॉनिटर ७५ घेतात आणि मधली चित्रं गुपचूप गाळतात. हे तपासायला टेस्टयूएफओ या साइटवरची फ्रेम स्किपिंग चाचणी लावा, फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडला शटर एक दशांश सेकंदाच्या आसपास ठेवा आणि फोटो काढा. फोटोत उजळ चौकोन सलग आले तर ठीक. मध्ये मध्ये रिकामे चौकोन दिसले तर तुमचे ७५ हर्ट्झ फक्त सेटिंगमध्येच आहेत.

टायपिंग, अभ्यास, डीटीपी यासाठी ६० पुरे. तिथे रिफ्रेश रेटपेक्षा मूळ रिझोल्यूशन जास्त महत्त्वाचं.

स्क्रीन काळी झाली तर? परतीचा रस्ता

१. १५ सेकंद थांबा.

२. दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही जोडा, शक्य असेल तर दुसऱ्या पोर्टला. बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटका होते.

३. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करा. विंडोज सुरू होत असतानाच दोन-तीन वेळा पॉवर बटण दाबून बंद केलं की रिकव्हरीचा निळा पडदा येतो. तिथे स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ३ नंबरला ‘लो-रिझोल्यूशन व्हिडिओ’ असतं आणि ४ नंबरला सेफ मोड. हा उपाय शेवटचा, कारण असं बंद करणं फाइल्सना चांगलं नाही.

४. सीआरयू वापरलं असेल तर सेफ मोडमध्ये ‘रीसेट-ऑल’ चालवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*चुकीच्या मोडने मॉनिटर जळतो का?*
जुन्या सीआरटी मॉनिटरला चुकीच्या फ्रीक्वेन्सीने खरंच इजा होऊ शकायची. आजचे एलसीडी न झेपणारा सिग्नल आला की बहुतेक ‘आउट ऑफ रेंज’ दाखवून गप्प बसतात. तरी मर्यादेबाहेरचा रिफ्रेश रेट कायमचा लावून ठेवू नका.

*कस्टम मोडने १६००×९०० चा मॉनिटर फुल एचडी होतो का?*
नाही. पॅनेलवरचे पिक्सेल वाढत नाहीत. उलट १९२० चे १६०० मध्ये कोंबले जातात आणि अक्षरं पुन्हा धूसर होतात.

*सगळं बरोबर केलं, तरी व्हीजीएवर अक्षरं थरथरतात. काय करू?*
व्हीजीए ॲनालॉग आहे, त्यामुळे पिक्सेल नेमका कुठे सुरू होतो याचा मॉनिटरला अंदाज लावावा लागतो. स्क्रीनवर भरपूर मजकूर असलेलं पान उघडा आणि मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबा. मग विंडोजमधलं क्लिअरटाइप एकदा चालवा.

*अक्षरं स्वच्छ आहेत पण फार बारीक दिसतात. रिझोल्यूशन कमी करू का?*
अजिबात नको. रिझोल्यूशन मूळचंच ठेवा आणि ‘स्केल’ १२५ टक्के करा. अक्षरं मोठी होतील आणि अनुस्वार अनुस्वारच राहील.

शेवटी एवढंच

पुढच्या शनिवारी मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून चांगली व्हीजीए केबल आणली. ती लावली आणि माझा कस्टम मोड काढून टाकला. विंडोजने मॉनिटरचं नाव ओळखलं आणि यादीत १६००×९०० आपोआप आलं. म्हणजे खरा उपाय दीडशे रुपयांची केबल होती, कस्टम मोडने फक्त ती रात्र निभावली.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. यादीत मोड का नाही ते आधी शोधा. मग केबल, कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर तपासा. तरी नाही जमलं तर गणित करून कस्टम मोड लावा. आणि लावण्याआधी परतीचा रस्ता तयार ठेवा.

सेकंडहँड मॉनिटर घेताना दुकानातच जोडून बघा, आणि मूळ रिझोल्यूशन यादीत येतं का ते तपासा. मराठीचा एखादा मजकूर उघडून ‘चिं’ आणि ‘चि’ वेगळे दिसतात का तेही बघा. मावशी आता प्रत्येक नव्या मॉनिटरवर पहिला शब्द ‘चिंतामण’च टाइप करते.